खाचेतल्या शर्यतीचा उदयास्त

खेळण्यांचा इतिहास हा विषय आमच्याकडे अद्याप विद्वानांच्या पंक्तीस बसलेला नाही. राजघराण्यांच्या वंशावळी, तहनामे, शेतसाऱ्याचे आकडे यांवर ग्रंथ लिहावयाचे. मुले कशाशी खेळली आणि थोरांनी ते खेळणे त्यांच्या हातून केव्हा काढून घेतले, हे मात्र कोणी विचारावयाचे नाही, अशी जुनी रीत आहे. वस्तुतः पैसा, फुरसत आणि यंत्रविद्या या तीन गोष्टी एखाद्या समाजाच्या हाती एकाच वेळी आल्या म्हणजे तो समाज काय करतो, हे त्याच्या तहनाम्यांपेक्षा त्याच्या खेळांवरून अधिक स्वच्छ दिसते. म्हणून प्रस्तुत लेखी आम्ही एका अशा खेळाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे, की जो सन १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या गावोगावी वणव्यासारखा पेटला आणि ते दशक संपण्यापूर्वीच बव्हंशी विझला. त्या खेळाचे नाव स्लॉट कार, म्हणजे खाचेतून धावणारी गाडी.

प्रथम खेळाचे स्वरूप सांगितले पाहिजे. मराठीत ‘मोटार’ हा शब्द रस्त्यावरील वाहनास आणि विजेच्या यंत्रास असा दोहोंस लागतो. घोटाळा टाळण्यासाठी येथे वाहनास आम्ही गाडी म्हणू आणि तिच्या पोटातील यंत्रास मोटर म्हणू. लाकडी फळ्यांच्या रस्त्यात एक अरुंद खाच कोरलेली असते. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या बारीक तारांची वीण चिकटविलेली असते आणि तीतून सुमारे बारा व्होल्टांची वीज खेळते. गाडीच्या नाकाखाली एक छोटी पट्टी असते. ती खाचेत उतरते, आणि तिच्या दोहों बाजूंचे तांब्याचे झुबके रस्त्यातील वीज उचलून मोटरीस पोचवितात. खेळणाराच्या हाती पिस्तुलाच्या घडणीचा नियंत्रक असतो. त्याचा घोडा जितका दाबावा तितका गाडीचा वेग वाढतो. घोडा अजीबात सोडला की मोटरीची दोन टोके परस्परांस जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर स्वतःच वीज उत्पन्न करू लागते, आणि त्या विजेच्या विरोधाने गाडीस ब्रेक लागतो. सुकाणू नाहीच. एवढ्यावरून एखाद्यास वाटेल की, खाच गाडीला नेईल तिकडे गाडी जाणार. मग यात खेळणाराचे कर्तृत्व ते काय? पण खाच गाडीचे केवळ नाक वळविते, तिला खाली धरून ठेवीत नाही. वळणावर वेग अंमळ अधिक झाला की गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाते, नाक खाचेतून निसटते आणि गाडी रस्ता सोडून भिरकावली जाते. किती वेगाने वळणात शिरावे आणि घोडा नेमका केव्हा सोडावा, एवढ्या एका निर्णयात साऱ्या खेळाचे मर्म साठविलेले आहे. आणि तो निर्णय एका बोटाने करावयाचा असतो.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील लायोनेल ही खेळण्यातल्या आगगाड्या करणारी कंपनी. तिने १९१२ सालीच विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बाजारात आणल्या होत्या. त्यांचा रूळ रस्त्यातील पन्हळीत बसविलेला असे. १९१५ नंतर त्या बंद पडल्या. पुढे चाळीस वर्षे असे प्रयोग मधूनमधून झाले आणि विसरले गेले. थोरांचा शौक तेवढ्या काळात दुसरीकडे वळला होता. १९३० नंतरच्या दशकात हौशी कारागीर लहान तेलाच्या इंजिनाच्या गाड्या करीत आणि मधल्या खुंटास दोरीने बांधून त्या गरगर फिरवीत. मळणीच्या खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की यातून धान्य निघत नसे.

खेळास खरी कलाटणी मिळाली ती इंग्लंडात. साऊथपोर्ट येथील मॉडेल इंजिनिअरिंग सोसायटीच्या मंडळींनी १९५४ साली सुमारे साठ फूट लांबीचा, सहा गाड्या शेजारी-शेजारी धावतील असा विजेचा मार्ग बांधला. खुंटास बांधलेली गाडी एकटीच घड्याळाशी झुंजते, तीस शर्यत कसे म्हणावे, हा प्रेक्षकांचा आक्षेप त्यामागे होता, आणि तो आम्हांस अगदी रास्त वाटतो. शर्यत म्हणजे शेजारी कोणी तरी धावत असले पाहिजे. या मार्गावर गाड्या उंच रुळाच्या आधाराने चालत. रूळ रस्त्याच्या वर डोके काढून राही; तो दिसावयास विद्रूप, आणि गाडी वळणावर मोकळेपणी घसरू लागली तर तिच्या चाकांस आडवा येई. लवकरच रुळाच्या जागी खाच आली आणि रस्ता रस्त्यासारखा दिसू लागला.

हे सारे हौशी मंडळींचे घरगुती कारभार होते. त्यांस बाजाराची वाट दाखविली फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थाने. त्याची मिनिमॉडेल्स ही कंपनी ‘स्कॅलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, किल्लीच्या जातीच्या गाड्या करीत असे. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की तिच्या पोटाखालचे पाचवे चाक स्प्रिंग गुंडाळी आणि गाडी सुटे. त्या गाड्यांचा खप ओसरू लागला तेव्हा फ्रान्सिसने त्यांच्यात विजेची मोटर बसविली, रबराचा दोन खाचांचा रस्ता तयार केला, आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळण्यांच्या जत्रेत हा संच मांडला. नाव ठेवले ‘स्कॅलेक्स्ट्रिक’. प्रारंभी या संचात वेग कमी-अधिक करण्याची सोय नव्हती. एक बटण, ते दाबले की गाडी चालू, सोडले की बंद. तरीही मागणी इतकी आली की एवढ्याशा कंपनीस ती झेपेना, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिसने आपला धंदा लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणीवाल्यांस विकून टाकला.

येथपर्यंत हा खेळ दिवाणखान्यातील होता. अमेरिकेत जाताच त्याचे दोन फाटे झाले. ऑरोरा या न्यूयॉर्कजवळील कंपनीने १९६० च्या सुमारास तळहातावर मावतील एवढ्या चिमुकल्या गाड्या काढल्या आणि त्या घरोघर गेल्या. दुसरा फाटा याच्या अगदी उलट होता, आणि आमच्या निबंधाचा विषय तोच आहे. वीतभर लांबीच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या गाड्या. त्यांस धावावयास शंभर-दीडशे फुटांचा, कधी त्याहूनही लांब मार्ग. आणि तो मार्ग मावेल असे मोठे दालन. हे कोणाच्या घरी असणार? म्हणून लोकांनी व्यापारी तत्त्वावर अशी दालने उघडली. त्यांस रेसवे म्हणत. आत यावे, घटकाभराचे भाडे द्यावे, आपली गाडी आणली असेल तर ती, नसेल तर दुकानची भाड्याने घ्यावी आणि खेळावे. काउंटरवर मोटरी, चाके, टायर, दात्यांची चक्रे, रंग विक्रीस मांडलेले असत. भाड्यापेक्षा या सामानाच्या विक्रीवरच मालकाची भिस्त अधिक. १९६५ च्या आगेमागे अशी दालने हजारोंच्या घरात होती.

या मार्गांची रचना सांगण्यासारखी आहे. आठ खाचा शेजारी-शेजारी, आणि प्रत्येकीस एक रंग: तांबडा, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, काळा. वळणावर आतल्या खाचेचा वाक अरुंद, बाहेरचीचा ऐसपैस. त्यामुळे आठही खाचा कधीच सारख्या नसतात. कोणास चांगली खाच द्यावी आणि कोणास वाईट? यावर काढलेला तोडगा आम्हांस फार आवडतो. शर्यत आठ तुकड्यांत वाटावयाची, आणि प्रत्येक खेळाडूने पाळीपाळीने आठही खाचांवरून धावावयाचे. सर्व तुकड्यांत मिळून ज्याचे फेरे अधिक भरतील तो विजयी. नशिबाचा वाटा सर्वांस सारखा. मोठमोठ्या संस्थानांच्या वाटण्यांत एवढा न्याय आम्हांस क्वचितच आढळला आहे.

आरंभीच्या दोन-तीन वर्षांत या दालनांतून जो समाज गोळा होई तो विलक्षण मिश्र होता. शाळेतून परस्पर आलेली बारा-चौदा वर्षांची मुले, त्यांचे वडील, गॅरेजातले मिस्त्री, विमानांच्या कारखान्यांतील इंजिनिअर, सगळे एकाच कठड्याशी उभे. बापाने मुलाशी हरावे आणि त्यात खोटेपणा नसावा, असे खेळ जगात थोडे आहेत. हा त्यांतला एक होता. कारण वजन, उंची, दम यांचा येथे काही संबंध नव्हता. आणि गाडी बहुधा स्वतःच्या हाताने केलेली असे. पितळेच्या नळ्या आणि पोलादी तार डाकाने जोडून सांगाडा करावयाचा. पातळ पारदर्शक प्लॅस्टिक गरम करून साच्यावर ओढलेली काया त्यावर बसवावयाची. ती आतील बाजूने रंगवावयाची, म्हणजे घासटले तरी रंग जात नाही. मोटर जपानच्या माबुची कंपनीची असे. ती स्वस्त आणि मोठी टिकाऊ होती. कॉक्स, रेव्हेल, मोनोग्राम हे नमुने करणारे नामांकित कारखाने या धंद्यात उतरले. कॉक्सने टेक्ससच्या जिम हॉलच्या शॅपरल गाडीची जी प्रतिकृती काढली, तीत खऱ्या गाडीची ऐट जशीच्या तशी उतरली होती. त्या काळी खेळाडूंचा आग्रहच असे की, गाडी धावली पाहिजे आणि ती अमक्याच गाडीची प्रतिमा आहे हे दुरून ओळखू आले पाहिजे. हे दोन आग्रह एकत्र नांदत होते तोवर खेळाची प्रकृती उत्तम होती, असे आमचे मत आहे.

शौक कोठवर गेला होता याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गायक एल्विस प्रेस्ली याने मेंफिस येथील आपल्या ग्रेसलँड या वाड्यास एक स्वतंत्र दालन जोडले, ते या खेळाचा मोठा मार्ग मांडण्यासाठी. काही वर्षांत त्याची हौस फिटली, मार्ग निघाला, आणि त्या दालनात त्याची सुवर्णतबके आणि मानचिन्हे मांडण्यात आली.

एल्विसची हौस फिटली हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच सुमारास साऱ्या देशाची हौस फिटली, ती कशाने? १९६७-६८ पासून दालनांस भराभर टाळी लागू लागली. याचे सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, ही एक टूम होती आणि टुमा अशाच जातात. हे उत्तर आम्हांस उत्तरच वाटत नाही. टूम गेली कारण ती टूम होती, असे म्हणणे म्हणजे ताप उतरला कारण तो ताप होता असे म्हणण्यासारखे आहे. दुसरे उत्तर धंद्याचे आहे, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. एकास नफा झालेला पाहून दहांनी त्याच गावात दालने उघडली. गिऱ्हाईक शाळकरी, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत दालन ओस, आणि जागेचे भाडे मात्र चोवीस तासांचे. मार्ग एकदा बसविला की हलविणे कठीण, आणि मुलांस तर नवी वळणे हवीत. हे सर्व खरे. पण धंद्यात गर्दी झाली म्हणजे काही दुकाने बुडतात आणि उरलेली सावरतात, असा सामान्य अनुभव आहे. येथे उरलेल्यांचीही गर्दी ओसरली. याचे कारण हिशेबाच्या वहीत नाही. ते त्या कठड्याशी उभे राहून शोधिले पाहिजे.

आमच्या समजुतीप्रमाणे या खेळास त्याच्या सुधारणेनेच ग्रासले. आमच्याकडे विहिरीवरील पंपाची मोटर जळली की ती ‘वाइंडिंग’ला टाकतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळून घेतात. अमेरिकेतील खेळाडूंनी न जळालेल्या मोटरींचे तेच केले. माबुचीची कारखान्यातली बारीक तार उलगडावयाची आणि तिच्या जागी जाड तार थोड्या वेढ्यांची भरावयाची, म्हणजे मोटर अधिक वीज ओढते आणि कितीतरी जोराने फिरते. मग फिरत्या भागाचा तोल साधणे आले, अधिक बलवान चुंबक आले, तार उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर राळ ओतणे आले. प्रथम हे ज्यास येई तो स्वतः करी, आणि त्यात एक प्रकारची प्रतिष्ठा होती. पुढे अशा तयार मोटरी विकणारे निघाले. एका वर्षाची अजिंक्य गाडी दुसऱ्या वर्षी मोडीत निघू लागली. ज्या मुलाने खाऊचे पैसे साठवून गाडी उभी केली होती, तो शनिवारी दालनात येई तेव्हा शेजारच्या खाचेवरून काही तरी सणसणत जाई आणि त्याचा एक फेरा होतो न होतो तोच ते दुसऱ्यांदा त्याच्या पुढे निघून जाई. अशा मुलाने किती शनिवार यावे? तो भांडला नाही, त्याने तक्रार लिहिली नाही. तो यावयाचा थांबला. विक्रम करणारांची नोंद राहते, थांबलेल्यांची राहत नाही, आणि म्हणूनच या खेळाचे जे वृत्तान्त लिहिले जातात ते बहुतेक वेगाच्या वाढीचे पोवाडे असतात.

वेगाने दुसरे एक अधिक सूक्ष्म नुकसान केले. गाडी गाडीसारखी दिसण्याचे काही प्रयोजनच उरले नाही. हलकी काया जिंकते, बुटकी काया जिंकते. तेव्हा प्रतिकृतीचा हट्ट सोडून कल्पनेतल्याच चपट्या, मासोळीसारख्या आकृती निघाल्या. अमेरिकन मुले त्यांस ‘थिंगी’ म्हणत, म्हणजे ‘कसलीशी वस्तू’. नाव ठेवणाराच्या मार्मिकतेची तारीफ केली पाहिजे. तिला दुसरे नावच देता येत नव्हते. पुढे हवेच्या दाबाने गाडी रस्त्यास चिकटून राहावी म्हणून तिच्या पाठीवर आणि कुशींस पारदर्शक पत्रे आले आणि ती पाचरीसारखी दिसू लागली. चाकांस पकड यावी म्हणून रस्त्यावर चिकट द्रव्य लावण्याची चाल पडली. ज्या खेळात वळणावर गाडी घसरू द्यावी आणि घसरताना सावरावी हीच गंमत, त्या खेळात आता घसरणे हाच दोष ठरला.

या प्रगतीचे पर्यवसान कोठे झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘किंग’ नावाचा एक प्रसिद्ध मार्ग आहे. लांबी १५५ फूट, खाचा आठ, उतरती उंच वळणे. त्यावर आजच्या पंखवाल्या गाड्या दीड सेकंदाच्या आत एक फेरा पुरा करतात. हिशेब केला तर हा वेग ताशी सत्तर मैलांच्या वर जातो. वीतभर गाडीस ताशी सत्तर मैल! प्रतिकृतीच्या न्यायाने चोवीस पटींनी गुणिले तर ताशी सुमारे १,७०० मैल होतात, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेग; असा वेग रस्त्यावरील कोणत्याही शर्यतीच्या गाडीस अद्याप साधलेला नाही. माणसाच्या डोळ्याने पाहून बोट हलवावयाचे म्हटले तर सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. तेवढ्यात ही गाडी वीस फूट पुढे गेलेली असते. तेव्हा ती पाहून चालविता येतच नाही. उत्तम खेळाडू ती ठेक्याने चालवितो, पखवाजी सम गाठतो तसा. हे कौशल्य असामान्य आहे याबद्दल आम्हांस तिळमात्र संशय नाही. असा खेळाडू वर्षांच्या तपश्चर्येने तयार होतो. परंतु कठड्याशी उभ्या राहिलेल्या नवख्या मुलास त्यात काय दिसणार? एक रंगीत रेघ, आणि एक आवाज. त्यास वाटत नाही की, हे मलाही जमेल.

यावर असा आक्षेप निघेल की, वेग हा शर्यतीचा प्राण आहे; तो वाढवू नका असे कोणास सांगावे? आक्षेप बिनतोड नाही. नियमांनी मोटरींचे वर्ग पाडता येतात, आणि पुढे ते पाडलेही गेले. कारखान्याच्या साध्या मोटरींचा वर्ग वेगळा, खुला वर्ग वेगळा. त्या वर्गांत आजही नवे लोक रमतात. पण ही शिस्त येईतो मुले घरी गेली होती आणि दालने गोदामे झाली होती. खेळाचे नियम ठरविणारांनी प्रथम कोणास राखावे, सर्वांत पुढे असलेल्यास की सर्वांत मागे असलेल्यास, हा प्रश्न मूळच्या आठ खाचांच्या वाटणीत फार सुंदर रीतीने सुटला होता. रस्त्याचा अन्याय त्यांनी ओळखला आणि पाळीपाळीने वाटून घेतला; मोटरीचा अन्याय मात्र तिला प्रगती म्हणत असल्यामुळे त्यांस वेळेवर ओळखता आला नाही.

घरगुती फाट्याची कथा थोडक्यात सांगतो. तेथेही वेगाचा मोह होताच. ऑरोराने १९७४ च्या सुमारास गाडीस रस्त्याकडे ओढून धरणाऱ्या चुंबकाची युक्ती काढली, आणि गाडी वळणावर पडेनाशी झाली. पडेनाशी झाली तसा तीतला जीवही थोडा गेला. लाइन्स ब्रदर्सचा डोलारा १९७१ मध्ये कोसळला, ऑरोरा १९७७ मध्ये मिटली. स्कॅलेक्स्ट्रिक हे नाव मात्र हातोहात फिरत टिकून राहिले आहे. २००४ पासून एकाच खाचेत अनेक गाड्या चालवाव्यात आणि गाडीने वाटेत खाच बदलावी अशीही सोय झाली. ती गंमतीची असली तरी मोठ्या दालनांची उणीव तिने भरून निघत नाही. कारण त्या दालनांत खाचेपेक्षा अनोळखी शेजाऱ्याचा भाग मोठा होता.

मोठी दालने अगदीच नाहीशी झाली असे नव्हे. अमेरिकेत आणि युरोपात ती तुरळक आहेत, शर्यतींच्या मोठ्या स्पर्धाही भरतात, आणि तेथे १९६५ साली शाळकरी असलेली मंडळी पिकल्या केसांनी हजेरी लावतात. आठ रंग तेच आहेत, पाळीही तीच. आणखी एक जुनी चाल तेथे शाबूत आहे. ज्याची धावण्याची पाळी नसेल त्याने मार्गाच्या वळणाशी उभे राहावयाचे, आणि कोणाचीही गाडी निसटून पडली, मग ती आपणास हरविणाऱ्याची का असेना, ती तत्काळ उचलून त्याच रंगाच्या खाचेत पुन्हा उतरवून द्यावयाची. तुकडी संपली की तो जागा सोडतो, हातातली तेलकट धूळ पुसतो, आणि त्याच्या जागी आताच धावून आलेला दुसरा उभा राहतो.